सेफएफएस माउंट होते, फाइलही तयार होते, पण तिचा आकार शून्यच राहतो : परवानगी नेमके कोण नाकारत आहे?

नकाशेवाला
नमस्कार. कोथरूडमधील आमच्या छोट्या कार्यालयात ड्रोनने टिपलेल्या छायाचित्रांवरून जमिनीचे नकाशे तयार केले जातात आणि ही सर्व छायाचित्रे पाच नोडच्या सेफ (अनेक मशीनच्या डिस्क एकत्र जोडणारी साठवण प्रणाली) क्लस्टरवर ठेवली जातात. क्लस्टर बाहेरच्या एका कंत्राटदाराने उभारून दिला होता. आता देखभाल आमच्याच गळ्यात आहे आणि कागदपत्रे म्हणावीत असे काहीही हाती नाही. आवृत्ती क्विन्सी आहे, मॉनिटर तीन आहेत आणि उबुंटू 22.04 असलेली दोन मशीन कर्नल क्लायंटद्वारे सेफएफएस, म्हणजे सेफवरील फाइल सिस्टीम, माउंट करतात.

अडचण अशी आहे. ‘क्लायंट.सर्वे’ या नावाने माउंट विनातक्रार होते, यादी दिसते, जुनी छायाचित्रे उघडतात आणि ‘टच’ने नवी फाइलही तयार होते. मात्र ‘सीपी’ने छायाचित्र टाकले, की ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ असा संदेश येतो आणि मागे शून्य बाइटची फाइल उरते. त्याहून चमत्कारिक म्हणजे ॲडमिनच्या माउंटवरून अलीकडे टाकलेली छायाचित्रे यादीत योग्य आकारासह दिसतात, पण ‘सर्वे’च्या माउंटवरून उघडत नाहीत. फोल्डरची मालकी तपासली, ‘चमॉड 777’ही करून पाहिले, फरक पडला नाही. ‘सेफ ऑथ गेट क्लायंट.सर्वे’चे उत्तर पुढे देत आहे; यात मॉन म्हणजे मॉनिटर, एमडीएस म्हणजे नावे-फोल्डर सांभाळणारी सेवा आणि ओएसडी म्हणजे डिस्कवर डेटा ठेवणारी सेवा.

की : ••• नियंत्रकांनी काढली •••
मॉन : अलाऊ आर
एमडीएस : अलाऊ आरडब्ल्यू पाथ=/सर्वे
ओएसडी : अलाऊ आरडब्ल्यू टॅग सेफएफएस डेटा=नकाशे

फाइल सिस्टीमचे नाव ‘नकाशे’ आहे. कॅप्समध्ये, म्हणजे वर दिलेल्या अधिकारांमध्ये, मला तरी काही चूक दिसत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पेठेतला_रूट
एवढा विचार कशाला करता? ‘सेफ ऑथ कॅप्स क्लायंट.सर्वे ओएसडी’ लिहून पुढे ‘अलाऊ *’ द्या आणि मोकळे व्हा. आमच्या कार्यालयातील सर्व क्लायंटना तसेच दिले आहे, आजवर तक्रार आलेली नाही.

धागा_नियंत्रक
मूळ लेखात की जशीच्या तशी चिकटवलेली होती, ती काढली आहे. तरीही दरम्यान ती अनेकांनी वाचली असणार, त्यामुळे ती जाहीर झाली असे समजून बदलावी. सेफएक्समध्ये, म्हणजे सेफच्या ओळख-तपासणीत, की म्हणजेच ओळख आहे. ज्याच्या हाती की आणि मॉनिटरपर्यंतची वाट, तो ‘क्लायंट.सर्वे’ ठरतो. ‘ऑथ गेट’चे उत्तर इथे देताना कीची ओळ वगळावी ही सर्वांना विनंती.

सिंहगड_शेल
पेठेतला_रूट यांनी सुचवलेली आज्ञा कृपया चालवू नये. ‘अलाऊ *’ द्यावे की देऊ नये हा वाद नंतर घालता येईल, पण ती आज्ञा ज्या रूपात लिहिली आहे त्या रूपातच घातक आहे. ‘ऑथ कॅप्स’ जुन्या अधिकारांत भर घालत नाही, ती संपूर्ण संच बदलते. तुम्ही केवळ ओएसडीचा भाग लिहिलात, तर मॉन आणि एमडीएसचे अधिकार त्या क्षणी पुसले जातात. म्हणून कॅप्सना हात लावण्यापूर्वी ‘ऑथ गेट’चे उत्तर ‘-ओ’ देऊन एका फाइलमध्ये उतरवून ठेवावे. गरज पडल्यास तीच फाइल ‘सेफ ऑथ इम्पोर्ट -आय’ने परत आत घेता येते.

आता मूळ प्रश्न. सेफएफएसवरील एका साध्या ‘सीपी’ला वाटेत अनेक दरवान भेटतात आणि प्रत्येकाची नाही म्हणण्याची पद्धत वेगळी असते. प्रथम क्लायंट मशीनवरच ‘सेफ.कॉन्फ’ आणि कीरिंग (की ठेवलेली फाइल) सापडावे लागते व वाचता यावे लागते. मग मॉनिटर की तपासतो आणि तिकिटे, म्हणजे मुदतीची प्रवेशपत्रे, देतो. नाव, फोल्डर, मालकी या गोष्टी एमडीएस पाहतो. प्रत्यक्ष बाइट मात्र एमडीएसमधून जातच नाहीत. ते क्लायंट थेट ओएसडींना पाठवतो आणि तिथे ओएसडी स्वतःच्या कॅप्स पाहून निर्णय देतो. तुमच्याकडे फाइलचे नाव तयार होते, म्हणजे मॉनिटर आणि एमडीएस दोघांनीही होकार दिला आहे. आकार शून्य राहतो, म्हणजे नकार ओएसडीकडून येत आहे.

संदेशाचे शब्दही हेच सांगतात. लिनक्समध्ये ‘परमिशन डिनाइड’ म्हणजे त्रुटी क्रमांक 13 आणि ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ म्हणजे क्रमांक 1. फाइलच्या मोडमुळे किंवा एमडीएसच्या पाथ-बंधनामुळे अडवले गेले असते, तर सामान्यतः 13 आला असता. पूलवर, म्हणजे डेटा ठेवण्याच्या विभागावर, अधिकार नसेल तर 1 येतो. ‘चमॉड 777’ने फरक का पडला नाही, याचे उत्तर यातच आहे, ज्याने अडवले त्याला फाइलचा मोड माहीतच नसतो. खात्री करायची असेल तर ‘एसट्रेस सीपी’ चालवून पाहा. ‘ओपनॲट’ ही हाक यशस्वी झालेली दिसेल आणि त्यानंतरची पहिलीच ‘राइट’ ‘ईपर्म’, म्हणजे हाच क्रमांक 1, घेऊन परतेल.

जुनी छायाचित्रे उघडतात आणि नवी उघडत नाहीत, ही तुम्ही दिलेली सर्वांत मोलाची माहिती आहे. माझा तर्क असा, की या फाइल सिस्टीमला एकाहून अधिक डेटा पूल आहेत आणि मध्यंतरी कोणीतरी ‘/सर्वे’चा लेआउट (फाइल कोणत्या पूलमध्ये ठेवायच्या याची नोंद) बदलून त्याला दुसऱ्या पूलकडे वळवले आहे. फोल्डरचा लेआउट बदलल्याने आधीच्या फाइल हलत नाहीत. त्या जुन्याच पूलमध्ये राहतात, फक्त नव्या फाइल नव्या पूलमध्ये जन्मतात. पुढील गोष्टी तपासून इथे लिहाव्यात, म्हणजे तर्क खरा की खोटा ते कळेल.

ॲडमिन नोडवर ‘सेफ एफएस एलएस’ चालवून डेटा पूलांची नावे पाहा. मग माउंटवर ‘गेटएफॲटर -एन सेफ.डिर.लेआउट’ ही आज्ञा ‘/सर्वे’वर चालवा. लेआउट मुद्दाम बदललेला नसेल, तर असा गुणधर्मच नाही असे उत्तर येते आणि ते सामान्य आहे. त्यानंतर एका जुन्या आणि एका शून्य बाइटच्या फाइलवर ‘सेफ.फाइल.लेआउट’ वाचा, दोन्हींच्या उत्तरातील पूलचे नाव वेगळे निघाले, तर आपण योग्य वाटेवर आहोत.

नकाशेवाला
सविस्तर उत्तराबद्दल आभार. दुर्दैवाने ते येण्यापूर्वीच कार्यालयातील सहकाऱ्याने पेठेतला_रूट यांनी सुचवलेली आज्ञा चालवली होती. पहिल्या मशीनवर आधीपासून असलेले माउंट चालू राहिले, परंतु दुसरे मशीन रीस्टार्ट केल्यावर त्यावर माउंट होईना. माझ्या पहिल्या लेखात मूळ कॅप्स लिहिलेल्या होत्या म्हणून निभावले. त्या तशाच परत दिल्या आणि त्याच बैठकीत नियंत्रकांच्या सूचनेनुसार वापरकर्ता काढून, तोच त्याच कॅप्ससह नव्याने तयार केला, म्हणजे कीही बदलली.

तपासणीचे निकाल असे आहेत. ‘नकाशे’ला दोन डेटा पूल आहेत, ‘मूळ_डेटा’ आणि ‘चित्र_ईसी’. ‘/सर्वे’च्या लेआउटमध्ये ‘चित्र_ईसी’ दिसते. जुन्या फाइलचा पूल ‘मूळ_डेटा’, शून्य बाइटच्या फाइलचा पूल ‘चित्र_ईसी’. ‘एसट्रेस’मध्ये तुम्ही म्हणालात तसेच घडले. म्हणजे तर्क खरा ठरला, पण पुढचे कोडे सुटत नाही. ओएसडीच्या कॅप्समध्ये पूलचे नाव कुठेच नाही, ‘टॅग सेफएफएस डेटा=नकाशे’ एवढेच आहे. मग एका पूलला होकार आणि दुसऱ्याला नकार कसा?

सिंहगड_शेल
त्या टॅगमध्येच गोम आहे. ल्युमिनस आवृत्तीपासून, म्हणजे 2017 पासून, प्रत्येक पूलवर तो कोणत्या कामासाठी आहे याची नोंद असते. सेफएफएसच्या डेटा पूलवर ‘सेफएफएस’ हे ॲप्लिकेशन आणि त्याखाली ‘डेटा’ या किल्लीसमोर फाइल सिस्टीमचे नाव अशी जोडी लिहिलेली असणे अपेक्षित आहे. तुमच्या कॅप्सचा अर्थ असा होतो, की ज्या पूलवर ही जोडी ‘डेटा=नकाशे’ अशी आहे त्या पूलवर वाचन व लेखन करता येईल. पूलचे नाव लिहावे लागत नाही ही सोय आहे, पण ती त्या नोंदीच्या भरवशावर चालते.

‘सेफ ओएसडी पूल ॲप्लिकेशन गेट’ ही आज्ञा दोन्ही पूलांवर चालवा. ‘मूळ_डेटा’समोर सेफएफएसखाली ‘डेटा : नकाशे’ दिसेल आणि ‘चित्र_ईसी’समोर सेफएफएस असेल पण त्याच्या कंसात काहीही नसेल, असा माझा कयास आहे. आधी हाताने ‘ॲप्लिकेशन इनेबल’ केलेला पूल नंतर ‘ॲड डेटा पूल’ने जोडला, तर जुन्या आवृत्त्यांत ही जोडी लिहिली जात नसे, पुढे क्लस्टर अद्ययावत झाला तरी रिकामी नोंद रिकामीच राहते. क्लस्टरची प्रकृती दाखवणारी आज्ञा याविषयी अवाक्षर काढत नाही, कारण तिच्या दृष्टीने पूलवर ॲप्लिकेशन आहे, एवढे पुरे. ॲडमिनला अडचण येत नाही, कारण त्याच्या कॅप्स टॅग पाहतच नाहीत.

फाइल सिस्टीमला पूर्णपणे बाजूला ठेवूनही हे पडताळता येते. ‘रॅडोस --आयडी सर्वे -पी चित्र_ईसी पुट’ लिहून, सहज ओळखू येईल अशा नावाने एखादी लहान फाइल टाकून पाहा. ‘(1) ऑपरेशन नॉट परमिटेड’ आले, तर एमडीएस, माउंटचे पर्याय, फाइलचा मोड या सर्वांना एकदम रजा देता येते. चाचणी यशस्वी झाली, तर तो ऑब्जेक्ट लगेच ‘आरएम’ने काढून टाका, फाइल सिस्टीमच्या पूलमध्ये अनाथ वस्तू ठेवू नयेत.

उपाय एका ओळीचा आहे : ‘सेफ ओएसडी पूल ॲप्लिकेशन सेट चित्र_ईसी सेफएफएस डेटा नकाशे’. यात वापरकर्त्याच्या कॅप्सना हात लावावा लागत नाही. मात्र आज्ञा चालवल्यावर त्याच माउंटवर लगेच ‘सीपी’ करून पाहिलेत, तर पुन्हा नकारच मिळेल आणि उपाय फसला असे वाटेल. कर्नल क्लायंट एखाद्या पूलवर आपल्याला अधिकार आहे की नाही, हे एकदा विचारून उत्तर जवळ ठेवतो आणि माउंट असेपर्यंत तेच वापरतो. म्हणून अनमाउंट करून पुन्हा माउंट करणे आवश्यक आहे. सेफ-फ्यूजही हेच करतो.

नकाशेवाला
‘चित्र_ईसी’समोर खरोखरच रिकामा कंस होता. आज्ञा चालवली, पुन्हा माउंट केले आणि पहिल्या मशीनवर छायाचित्रे पूर्ण आकारात उतरू लागली. ॲडमिनने टाकलेलीही उघडतात. मनापासून आभार.

दुसऱ्या मशीनवर मात्र ‘माउंट एरर 13’ येतो, म्हणजे या वेळी ‘परमिशन डिनाइड’. शिवाय तिथे ‘सेफ -एस’ चालवले तर ‘क्लायंट.ॲडमिन’चे कीरिंग सापडत नाही अशी तक्रार येते. आम्ही त्या मशीनवर ॲडमिनचे कीरिंग कधी ठेवलेच नव्हते, मग त्याचा शोध कोण घेत आहे?

मुठाकाठ
हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत आणि दुसरा सोपा असल्याने आधी तो. ‘सेफ’ आज्ञेला नाव सांगितले नाही, तर ती स्वतःला ॲडमिन समजते आणि ‘/ईटीसी/सेफ’ या फोल्डरात आधी ‘सेफ.क्लायंट.ॲडमिन.कीरिंग’, मग ‘सेफ.कीरिंग’, मग ‘कीरिंग’ आणि शेवटी ‘कीरिंग.बिन’ शोधते. एकही मिळाले नाही, की ‘डिसेबलिंग सेफएक्स’ अशी ओळ लॉगमध्ये लिहून ती ओळखपत्राविनाच मॉनिटरकडे जाते आणि अर्थातच दारातून परत पाठवली जाते. लॉगमध्ये ‘सर्व्हर अलाउड मेथड्स [2] बट आय ओन्ली सपोर्ट [1]’ असे वाक्य दिसले, तर त्याचा मराठीत अर्थ एवढाच, की सर्व्हरला सेफएक्स हवे आहे आणि क्लायंटकडे कीच नाही. चुकीच्या कीची ही तक्रार नसते. उपाय म्हणजे ‘सेफ --आयडी सर्वे -एस’ असे लिहावे. ‘--आयडी’समोर केवळ ‘सर्वे’ आणि ‘--नेम’समोर पूर्ण ‘क्लायंट.सर्वे’, हा भेद लक्षात ठेवावा. दरवेळी टंकणे जिवावर येत असेल, तर ‘सेफ_आर्ग्ज’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ते लिहून ठेवता येते.

याचाच एक पोटप्रकार कार्यालयांत नेहमी भेटतो. कीरिंग जागेवर असते, रूट म्हणून सगळे चालते, पण एखादी सेवा स्वतःच्या वापरकर्त्याने चालते आणि तिला नकार मिळतो. कीरिंगचा मोड 600 आणि मालक रूट असतो, एवढेच कारण. त्या सेवेसाठी वेगळा सेफ वापरकर्ता करून त्याचे कीरिंग तिच्या गटाला वाचू द्यावे. 644 करून सर्वांना खुले करणे म्हणजे मघाशी नियंत्रकांनी पुसलेली की पुन्हा भिंतीवर लिहिण्यासारखे आहे.

आता 13 क्रमांक. तुम्ही वापरकर्ता काढून नव्याने तयार केलात, त्यामुळे नाव तेच राहिले पण की बदलली. दुसऱ्या मशीनवर जुनीच की असणार. तिथली की आणि ॲडमिन नोडवर ‘सेफ ऑथ प्रिंट-की क्लायंट.सर्वे’ने मिळणारी की अक्षरशः जुळते का पाहा. ‘एफएसटॅब’मध्ये ‘सीक्रेटफाइल’ दिलेली असेल, तर ती कोणती फाइल आहे हेही नीट पाहा, कारण कीरिंग बदलूनही ती वेगळी फाइल जुनीच राहते. नवी की टाकताना त्या फाइलमध्ये फक्त कीची ओळ असावी, चौकटी कंसातले नाव आणि ‘की =’ हा भाग नको. संपूर्ण कीरिंगच सीक्रेटफाइल म्हणून दिले, तर 13 ऐवजी 22, म्हणजे ‘इन्व्हॅलिड आर्ग्युमेंट’ येतो आणि माणूस भलत्याच ठिकाणी शोधत बसतो.

नकाशेवाला
अगदी तसेच निघाले. कीरिंग नवे होते, सीक्रेटफाइल जुनी होती. दोन्ही मशीन आता चालू आहेत.

याच निमित्ताने विचारतो : सर्व्हर खोलीतील एका जुन्या मशीनवर सेंटओएस 7 आहे. तेही जोडायचे होते, पण तिथे नकारही मिळत नाही. आज्ञा नुसती थांबून राहते आणि काही वेळाने 110 क्रमांक येतो.

मुठाकाठ
नकार मिळाला असता तर तो परवानगीचा प्रश्न झाला असता. ही शांतता आहे, म्हणजे पॅकेट पोहोचत नाही किंवा पोहोचूनही कोणी उत्तर देत नाही. नॉटिलसपासून, म्हणजे 2019 पासून, मॉनिटर दोन पोर्टांवर ऐकतात : जुन्या संदेशपद्धतीसाठी 6789 आणि नव्या पद्धतीसाठी 3300. कर्नल क्लायंटला नवी पद्धत 5.11 पासून कळते. सेंटओएस 7 चा कर्नल 3.10 आहे, तो 6789 शिवाय दुसरे दार ठोठावूच शकत नाही. फायरवॉलमध्ये केवळ 3300 खुले ठेवलेले असेल, तर तुम्ही वर्णन केलेलेच दृश्य दिसते. मॉनिटर गाठला, माउंटही झाले, पण फाइल वाचताना आज्ञा अडकली, तर ओएसडींची पोर्टे तपासावीत. ती 6800 पासून 7300 पर्यंतच्या पट्ट्यात असतात आणि मॉनिटरची पोर्टे उघडणारी व्यक्ती हा पट्टा हमखास विसरते. इतके सांगून असेही म्हणेन, की त्या मशीनची आवृत्ती बदलणे शक्य असेल तर आधी ते करावे. सेंटओएस 7 चा आधार 2024 च्या जूनअखेर संपलेला आहे.

पेठेतला_रूट
माझ्या आज्ञेत मॉन आणि एमडीएसचे भाग लिहायला हवे होते, हे मान्य. पण मूळ मुद्दा मी सोडत नाही. अंतर्गत नेटवर्कवरील चार मशीनसाठी एवढी बारीक कॅप्स सांभाळण्यात कोणाचा वेळ वाचतो? एमडीएसमध्ये ‘पाथ=/सर्वे’ लिहिलेले आहे, त्यामुळे वापरकर्ता त्या फोल्डरबाहेर जाऊच शकत नाही. मग ओएसडीला ‘अलाऊ *’ दिल्याने नेमके काय बिघडते?

सिंहगड_शेल
प्रश्न रास्त आहे, कारण ‘पाथ’ हा शब्द वाचून बहुतेकांची हीच समजूत होते. ‘पाथ=/सर्वे’ हे बंधन फक्त एमडीएस पाळतो. ओएसडीला फोल्डर म्हणजे काय हे ठाऊक नाही. त्याच्या लेखी पूल आहेत आणि पूलमध्ये आयनोडच्या क्रमांकावरून नाव पडलेले ऑब्जेक्ट आहेत. ज्याच्याकडे पूलवर लेखनाधिकार आहे, तो ‘रॅडोस’ ही आज्ञा वापरून एमडीएसला वळसा घालतो आणि त्या पूलमधील कोणत्याही फोल्डरमधील फाइलचे तुकडे वाचू शकतो, पुसूही शकतो. ‘अलाऊ *’ दिले, की हीच मोकळीक क्लस्टरमधील प्रत्येक पूलवर मिळते. त्याच क्लस्टरवर व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क असतील तर त्याही आल्या, एमडीएसचा मेटाडेटा पूलही आला. हेतू वाईट असण्याची गरज नाही. भलत्या मशीनवर भलत्या पूलचे नाव घालून चालवलेली साफसफाईची एखादी स्क्रिप्ट पुरेशी आहे.

प्रामाणिकपणे सांगायचे तर नकाशेवाला यांच्या सध्याच्या कॅप्समध्येही ही फट काही प्रमाणात आहे. ‘/सर्वे’ आणि उरलेले विभाग एकाच पूलमध्ये असतील, तर टॅगने ते वेगळे होत नाहीत. खरोखर वेगळे ठेवायचे असल्यास फोल्डरच्या लेआउटमध्ये ‘पूल_नेमस्पेस’ (पूलमधील वेगळा कप्पा) द्यावे आणि ओएसडीच्या कॅप्समध्ये तेच ‘नेमस्पेस=’ लिहावे. इथेही जुन्या फाइल आपोआप हलत नाहीत. त्या नव्याने कॉपी कराव्या लागतात, कारण डेटा असलेल्या फाइलचा लेआउट बदलता येत नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी सबव्हॉल्यूम तयार करतानाच ‘--नेमस्पेस-आयसोलेटेड’ द्यावे आणि हा सर्व व्याप टाळावा.

वेळेविषयी म्हणाल, तर बारीक कॅप्स हाताने लिहिण्याची गरजच नसते. ‘सेफ एफएस ऑथराइझ नकाशे क्लायंट.सर्वे /सर्वे आरडब्ल्यू’ ही एकच आज्ञा तिन्ही भाग योग्य प्रकारे लिहिते. कोटा किंवा लेआउट बदलण्याची मुभा हवी असेल तर ‘पी’ आणि स्नॅपशॉटसाठी ‘एस’ ही अक्षरे वाढवावीत. ती मुद्दाम वेगळी ठेवलेली आहेत, कारण कोटा स्वतःच बदलू शकणाऱ्याला कोटा लावून उपयोग नाही.

डिस्क_उतारू
विषय जवळचाच असल्याने याच धाग्यात विचारतो. आमच्याकडे सेफएफएस नसून आरबीडीवर (सेफवरील आभासी डिस्कची सोय) व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क आहेत. आमच्या भागात देखभालीसाठी गुरुवारी वीज जाते. परवा जनरेटर वेळेवर सुरू झाला नाही आणि एक होस्ट अचानक बंद पडला. त्यावरील व्हर्च्युअल मशीन दुसऱ्या होस्टवर सुरू केली, तर आत फाइल सिस्टीम केवळ वाचनापुरती उघडते. एरवी याच होस्टवर हीच डिस्क व्यवस्थित चालते. कॅप्समध्ये मॉनला ‘अलाऊ आर’ आणि ओएसडीला त्या पूलवर ‘अलाऊ आरडब्ल्यूएक्स’ आहे.

सिंहगड_शेल
तुमच्या मॉनच्या कॅप्समध्ये एक अधिकार कमी आहे आणि तो नेमका अशाच दिवशी लागतो. आरबीडीच्या डिस्कवर ‘एक्सक्लुझिव्ह लॉक’ असतो. होस्ट शिस्तीत बंद झाला तर तो लॉक सोडून जातो, वीज गेली तर लॉक मेलेल्या क्लायंटच्या नावावर राहतो. नव्या क्लायंटला तो तोडायचा असेल, तर आधी जुन्या क्लायंटला ब्लॉकलिस्टमध्ये टाकावे लागते, म्हणजे तो चुकून जिवंत निघाला तरी त्याचे उशिरा आलेले लेखन डिस्कवर पडणार नाही. ब्लॉकलिस्टची विनंती मॉनिटरकडे जाते आणि साध्या ‘अलाऊ आर’ला तो अधिकार नसतो. लॉक मिळत नाही, लेखन होत नाही, आतली फाइल सिस्टीम घाबरून वाचनापुरती उरते.

‘आरबीडी लॉक एलएस’ने लॉक कोणाच्या नावावर आहे ते पाहा. कायमचा उपाय म्हणजे मॉनसाठी ‘प्रोफाइल आरबीडी’ आणि ओएसडीसाठी ‘प्रोफाइल आरबीडी पूल=’ अशा कॅप्स देणे; ब्लॉकलिस्टचा अधिकार त्या प्रोफाइलमध्ये अंतर्भूत आहे. ल्युमिनसच्या आधीपासून चालत आलेल्या क्लस्टरमध्ये जुन्या कॅप्स तशाच राहून जातात आणि वर्षानुवर्षे कळत नाहीत. कॅप्स बदलताना दोन्ही भाग एकाच आज्ञेत लिहावेत, कारण वर सांगितले आहे. चालू क्लायंटच्या हाती जुने तिकीट असते आणि त्याची मुदत मुळात तासाभराची असते. त्यामुळे बदल तत्काळ हवा असल्यास ती व्हर्च्युअल मशीन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावी. आतून रीबूट केल्याने होस्टवरील क्लायंट बदलत नाही.

मुठाकाठ
वीज गेल्याचा विषय निघालाच आहे म्हणून भर घालतो. होस्ट किंवा ओएसडीचा नोड परत आला की त्याचे घड्याळ पाहावे. काही जुन्या मशीनमध्ये हार्डवेअरचे घड्याळ भारतीय वेळेवर लावलेले असते आणि लिनक्स ते यूटीसी समजून वाचते. परिणामी वेळेचा सर्व्हर गाठेपर्यंत नोड साडेपाच तास पुढे असतो. मॉनिटर आपसांत 0.05 सेकंदाहून अधिक फरक सहन करत नाहीत, तिथे साडेपाच तासांची काय कथा. ओएसडीचे घड्याळ चुकले, तर त्याच्याकडील फिरत्या गुप्त किल्ल्या जुळत नाहीत आणि लॉगमध्ये ‘व्हेरिफाय_ऑथरायझर’ने सुरू होणाऱ्या तक्रारी दिसतात. कॅप्स आणि की दोन्ही बरोबर असूनही काही ओएसडी नाकारतात व काही स्वीकारतात, असे विचित्र चित्र दिसले, तर कॅप्स खरवडण्यापूर्वी घड्याळ जुळवणाऱ्या ‘क्रोनी’ची स्थिती पाहावी.

डिस्क_उतारू
‘आरबीडी लॉक एलएस’मध्ये बंद पडलेल्या होस्टचाच पत्ता होता. प्रोफाइल देऊन व्हर्च्युअल मशीन पूर्ण बंद करून सुरू केली. लेखन होऊ लागले. आत ‘एफएसचेक’ने काही दुरुस्त्या केल्या, डेटा शाबूत आहे. घड्याळ ठीक होते.

नकाशेवाला
शेवटची एक शंका. या गोंधळात ‘/सर्वे’मध्ये शून्य बाइटच्या अनेक फाइल तयार झाल्या आहेत. त्या पुसून टाकाव्यात की त्यांच्यावरच पुन्हा कॉपी करावे?

सिंहगड_शेल
त्यांच्यावरच पुन्हा कॉपी केले तरी चालते, कारण त्यांचा लेआउट योग्य पूलकडेच बोट दाखवतो आणि तो पूल आता तुम्हाला लिहू देतो. ‘फाइंड’ला ‘-साइझ 0’ आणि ‘-टाइप एफ’ देऊन यादी काढा, मात्र ती थेट पुसू नका. नकाशांच्या सॉफ्टवेअरने मुद्दाम ठेवलेल्या रिकाम्या खूणफाइलही तीत असू शकतात. मूळ मेमरी कार्डे अजून रिकामी केलेली नसतील, तर ‘आरसिंक’ला ‘--चेकसम’ देऊन ती पुन्हा चालवा. केवळ आकार व वेळ पाहून तुलना केली तरी शून्य बाइटच्या फाइल सुटणार नाहीत, पण मधल्या काळात कोणाची कॉपी अर्धवट राहिली असेल तर चेकसममध्ये तीही सापडेल. हे काम दुसऱ्या मशीनवरून करा, म्हणजे तिथली नवी सीक्रेटफाइलही प्रत्यक्ष लेखनाने तपासली जाईल.

नकाशेवाला
कार्डे सुदैवाने अजून कपाटात आहेत. ‘आरसिंक’ दुसऱ्या मशीनवरून सुरू केले आहे आणि पहिल्या कार्डावरील छायाचित्रे तपासून झाली. धागा सोडवला म्हणून नोंदवावा, ही नियंत्रकांना विनंती.